कान वाजतात, काय करू? टिनिटसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात ढोलताशा पथकात बारा वर्षं ताशा वाजवला आणि गेली नऊ वर्षं माझ्या डाव्या कानात एक बारीक शिट्टी चालू आहे. पथकातल्या पोरांना हे कळल्यापासून आधी त्यांचे, मग त्यांच्या आईवडिलांचे, मग कोणाच्या तरी सांगलीच्या मावशीचे मेसेज यायला लागले आणि प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतेय. मी डॉक्टर नाही. नऊ वर्षांत जे वाचलं, विचारलं आणि स्वतःवर करून पाहिलं ते इथे आहे. घाईत असाल तर बाकी राहू दे, ४ नंबर तेवढा वाचा.

१. मला कानात आवाज येतो पण बाजूला बसलेल्याला काहीच ऐकू येत नाही. वेडबिड तर नाही ना लागलं?

नाही हो. याला टिनिटस म्हणतात, घरात आपण 'कान वाजतात' म्हणतो तेच. कोणाला रातकिडे, कोणाला ट्यूबच्या चोकची गुणगुण, कोणाला शिट्टी व्हायच्या आधी कुकर फुसफुसतो तसं. २०२२ साली जगभरातले अभ्यास एकत्र करून जो अंदाज काढला त्यात मोठ्या माणसांपैकी साधारण १४ टक्के लोकांना हा अनुभव आहे आणि २ टक्क्यांच्या आसपास लोकांना तो फार छळतो. त्याच्याही कितीतरी आधी, १९५३ मध्ये, अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी कानाची काहीही तक्रार नसलेल्या ८० जणांना साउंडप्रूफ खोलीत पाचेक मिनिटं बसवलं आणि काय ऐकू येतं ते सांगा म्हटलं, तर ९४ टक्के लोकांनी कुठला ना कुठला आवाज सांगितला. म्हणजे अगदी शांततेत बहुतेकांचा कान थोडाफार वाजतोच, आपला जरा जास्त वाजतो आणि आपलं तिकडे लक्ष जातं.

ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना कधीकधी जुनी गाणी, आरत्या ऐकू येतात, तेही बहुतेक वेळा कानाचंच असतं. पण कोणीतरी बोलतंय, हुकूम देतंय, आपल्याबद्दल कुजबुजतंय असं ऐकू येत असेल तर तो टिनिटस नाही, तिथे मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि लाजू नका.

२. बाहेर आवाजच नाही तर ऐकू येतो कुठून?

कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्यात अतिशय नाजूक केसांसारख्या पेशी असतात आणि त्या आवाजाचं विजेच्या संदेशात रूपांतर करून मेंदूकडे पाठवतात. मोठ्या आवाजानं, वयानं, काही औषधांनी या पेशी मेल्या की माणसात त्या परत येत नाहीत. मग मेंदूला त्या पट्टीतला सिग्नल कमी मिळायला लागतो आणि तो काय करतो तर स्वतःचा व्हॉल्यूम वाढवतो, आणि जुन्या रेडिओवर स्टेशन नसताना आवाज मोठा केला की जशी खरखर वाढते तसं होतं. सगळ्याच केसेस यात बसत नाहीत, पण बऱ्याच बसतात.

याचा मला आवडलेला पुरावा २०१२ च्या एका प्रयोगात आहे. इंग्लंडमध्ये १८ धडधाकट कानांच्या लोकांनी एका कानात सात दिवस इअरप्लग घालून ठेवला, त्यातल्या १४ जणांना खोटे आवाज ऐकू यायला लागले, आणि प्लग काढल्यावर ते गेले.

'मग ती नसच कापून टाका' असं वैतागून म्हणणारे बरेच भेटतात (मीपण म्हटलंय). कानाच्या नसेवरची गाठ काढताना ज्यांची नस खरोखर कापली गेली अशा पेशंटचा अभ्यास १९८१ मध्ये छापून आलाय. निम्म्याहून जास्त लोकांचा आवाज नंतरही चालूच होता. सुरुवात कानात झाली तरी पुढे मुक्काम मेंदूत असतो.

३. ऑडिओमेट्री नॉर्मल आली. डॉक्टर म्हणाले काही नाहीये. मग मी नाटक करतोय का?

नाही. नेहमीची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं ते बघायची टेस्ट, साधारण ८००० हर्ट्झपर्यंतच बघते, त्याच्या वरच्या पट्टीत झीज असेल तर ती कागदावर येतच नाही. शिवाय २००९ मध्ये उंदरांवर असं दिसलं की मोठ्या आवाजानंतर केसपेशी शाबूत राहतात, टेस्ट पूर्ववत होते, पण पेशी आणि नस यांच्यामधले जोड कायमचे तुटलेले असतात. पुढे २०११ मध्ये नॉर्मल ऑडिओमेट्रीवाल्या टिनिटसच्या लोकांमध्ये नसेकडून येणारा सिग्नल कमी भरला, म्हणजे माणसातही असं काही होत असावं. यावर अजून वाद आहे, सगळ्या अभ्यासांत ते सापडत नाही. पण 'रिपोर्ट नॉर्मल म्हणजे त्रास खोटा' हे साफ चूक आहे. मला एका ठिकाणी 'सवय करून घ्या' एवढं चार शब्दांत सांगून बाहेर पाठवलं होतं. सल्ला तसा चूक नव्हता पण सवय करायची कशी ते कोणी सांगेना, ते १० नंबरला आहे.

४. लगेच डॉक्टरकडे कधी धावायचं?

एका कानाचं ऐकू येणं अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोनतीन दिवसांत कमी झालं आणि सोबत आवाज सुरू झाला तर त्याच दिवशी ईएनटीकडे जा, उद्यावर टाकू नका. ही इमर्जन्सी आहे. यावर स्टेरॉइड देतात आणि ती पहिल्या काही दिवसांत, फार तर पहिल्या दोन आठवड्यांत दिली तर फायद्याची शक्यता जास्त. लोक इथेच फसतात कारण वाटतं सर्दीनं दडा बसलाय किंवा मळ अडकलाय. मी तेच केलं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डावा कान उशीवर दाबून झोपल्यासारखा बंद होता, आईनं कोमट तेल घातलं, मावशीनं वाफ घ्यायला लावली, आणि यात नऊ दिवस गेले.

घरी करायची एक साधी खूण सांगते. तोंड मिटून हलकेच 'हूंऽऽ' करा. मळ किंवा सर्दीनं दडा असेल तर गुंजारव सहसा बंद कानात जास्त घुमतो. उलट तो चांगल्या कानाकडे पळत असेल तर आतल्या नसेचा प्रश्न असू शकतो. ही काही टेस्ट नाही, दोन्हीपैकी काहीही आलं तरी कान दाखवायचाच, फक्त किती घाई करायची ते कळतं.

याशिवाय: आवाज फक्त एकाच कानात असेल, चक्कर येऊन घर फिरत असेल, चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटत असेल, डोक्याला मार लागल्यावर सुरू झाला असेल, कानातून पू किंवा रक्त येत असेल, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धप धप येत असेल (५ बघा), तर इंटरनेट बंद करून अपॉइंटमेंट घ्या.

५. माझा आवाज सलग नाहीये, छातीच्या ठोक्याबरोबर येतो. हे तेच का?

हे वेगळं प्रकरण आहे. बोट नाडीवर ठेवून बघा, आवाज आणि नाडी जोडीनं चालत असतील तर कानाजवळच्या रक्तवाहिनीतला खराखुरा प्रवाह ऐकू येत असू शकतो, कधी तर डॉक्टरला स्टेथोस्कोप लावून तो ऐकूही येतो. रक्त कमी असणं, थायरॉइड वाढणं, मानेतली धमनी अरुंद होणं, मेंदूभोवतीचं प्रेशर वाढणं, शिरा-धमन्यांची चुकीची जोडणी, अशी कारणं निघतात आणि त्यातली काही पूर्ण बरी होतात. म्हणून याला स्कॅन लागतो. ठोक्याशी न जुळणारा टक टक आवाज असेल तर कधी कानातला किंवा टाळूचा छोटा स्नायू फडफडत असतो, तेही डॉक्टरला सांगा.

६. तपासण्या कुठल्या करतात? खर्चात पाडतात का?

आधी कानात डोकावून मळ, पडदा बघणं, मग ऑडिओमेट्री, पडद्यामागच्या प्रेशरची टेस्ट. बहुतेकांचं इथेच भागतं. दोन्ही कानांत सारखा आवाज आहे, ऐकू ठीक येतंय, बाकी काही नाही, तर उगाच एमआरआय लागत नाही. एकाच कानात असेल तर मात्र नसेवर गाठ नाही ना हे बघायला सांगतात, माझाही झाला, काही निघालं नाही. एमआरआयचं मशीन स्वतःच प्रचंड खडखडतं तेव्हा इअरप्लग आणि वरून हेडफोन दोन्ही मागून घ्या. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ऑडिओलॉजीचं सगळं होतं, ती सरकारी आहे.

त्रास मोजायला २५ प्रश्नांचा एक फॉर्म असतो, १९९६ पासून वापरात आहे, ० ते १०० मार्क. तो मागून भरा आणि सहा महिन्यांनी परत भरा. माझे ५८ वरून २२ वर आले, आणि शिट्टी मात्र होती तेवढीच आहे. पहिल्यांदा हे बघून मी चक्रावले होते.

७. शिट्टी तेवढीच असताना त्रास कमी कसा होईल? आणि आमच्याकडे बाबांचा आवाज बारीक आहे म्हणतात तरी हाल जास्त का?

कारण आवाज किती मोठा आणि त्रास किती मोठा या दोन गोष्टी एकमेकींना फारशा विचारत नाहीत. लॅबमध्ये मशीनच्या आवाजाशी जुळवून बघितलं तर बहुतेकांचा टिनिटस त्यांना जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजापेक्षा काही डेसिबलनीच वर निघतो, दहाच्याही आत. पण मेंदूनं त्याला धोका म्हणून खूण केली की तो सारखा तपासत बसतो, आहे का, वाढला का, आणि त्यातून झोप जाते, झोप गेली की दुसऱ्या दिवशी आवाज जास्त टोचतो. संशोधक पावेल यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये हे चक्र नीट मांडलं.

पहिल्या वर्षी मी ऑफिसात एक व्हाउचर तीनदा बेरीज करायचे आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळं. घरात टीव्हीच्या आवाजावरून भांडणं. बाहेरून काहीच दिसत नाही ना, प्लास्टर नाही, टाके नाहीत, म्हणून घरच्यांना वाटतं हिचं रोजचंच आहे. बाबांना 'लक्ष देऊ नका' म्हणू नका एवढं नक्की करा, त्यानं लक्ष तिकडेच जातं.

जगणं नको झालं असं कोणी बोललं तर ते रागानं बोललंय असं समजू नका. टेलिमानस १४४१६ हा सरकारी फ्री नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

८. यावर गोळी कुठली?

टिनिटस बरा करणारी, सिद्ध झालेली गोळी आज नाही. हे लिहिताना मलाच वाईट वाटतं पण औषधाच्या दुकानात हजारो घालवण्यापेक्षा बरं. गिंकोचं सगळ्यात जास्त विचारतात. २००१ मध्ये इंग्लंडमध्ये हजारच्या वर लोकांवर ट्रायल झाली, साखरेच्या गोळीपेक्षा फरक नाही, २०२२ च्या कॉक्रेन (अनेक अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यातही तेच. बीटाहिस्टीन चक्करवाल्यांना देतात ते ठीक, पण नुसत्या आवाजासाठी २०१८ च्या आढाव्यात काही हाती लागलं नाही. झिंक, बी१२ वगैरे रक्तात खरंच कमी असेल तर घ्या, कान वाजतात म्हणून नको. अमेरिकेतल्या ईएनटी संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये डिप्रेशनच्या आणि घबराटीवरच्या गोळ्यासुद्धा नुसत्या टिनिटससाठी सरसकट देऊ नका असं आहे. डिप्रेशन किंवा घबराट सोबत असेल तर मात्र त्याचा इलाज झालाच पाहिजे, तो चालू असेल तर हे वाचून बंद करू नका.

९. उलट कुठल्या औषधांनी आवाज वाढतो?

अॅस्पिरिन भरपूर डोसमध्ये (हृदयासाठीची रोजची ७५ ची गोळी सहसा नाही, ती आपल्या मनानं सोडू नका), क्विनिन, काही लघवीच्या गोळ्या जास्त डोसमध्ये, कॅन्सरचं सिस्प्लॅटिन, आणि जेंटामायसिन, अमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन या गटातली इंजेक्शनं. अॅस्पिरिनचं बहुतेक वेळा उतरतं, इंजेक्शनचं कायम राहू शकतं. टीबीवर इंजेक्शन घेतलेल्या जुन्या पेशंटना हे चांगलं माहितीये. काही घराण्यांत आईकडून येणारा एक जनुकीय बदल असतो, त्यांना या इंजेक्शनांच्या थोड्या डोसानंही बहिरेपण येऊ शकतं, तेव्हा आजोळी कोणाला इंजेक्शननंतर ऐकू येईनासं झालं असेल तर ते डॉक्टरला आधीच सांगा.

१०. मग उपयोग होतो तरी कशाचा?

ऐकू कमी येत असेल तर पहिला नंबर श्रवणयंत्राचा. मेंदूला हरवलेला सिग्नल परत मिळाला की त्याचं व्हॉल्यूम वाढवणं जरा कमी होतं, आणि माणसांचं बोलणं कळल्यानं दिवसभराचा थकवाही उतरतो. लोक यंत्राला लाजतात आणि चष्मा मात्र मिरवतात, मला हे कधी कळलं नाही.

दुसरं सीबीटी, म्हणजे विचारांच्या सवयी बदलायची बोलण्याची थेरपी. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २८ अभ्यास, २७३३ माणसं होती, आणि रोजच्या जगण्यावरचा त्रास यानं कमी होऊ शकतो असं निघालं. आवाज कमी होत नाही, त्याचं राज्य कमी होतं. माझ्या काउन्सेलरनं मला एक वही दिली होती, आवाज जाणवला की वेळ आणि त्या क्षणी मनात आलेलं वाक्य लिहायचं. पहिल्या पानावर अकरा वेळा एकच वाक्य आहे, 'आता हे मरेपर्यंत.' त्याच्यापुढे 'आत्ता या क्षणी काय अडलंय?' हा कॉलम भरायचा होता, आणि तो बहुतेक रिकामाच राहिला कारण त्या क्षणी मी चक्क भाजी चिरत होते आणि काहीच अडलेलं नव्हतं.

तिसरं, बारीक आवाजाची सोबत, ते ११ मध्ये. टीआरटी नावाची पद्धतही आहे, त्यात समुपदेशन आणि कानात हलका आवाज देणारं यंत्र असतं. २०१९ मध्ये अमेरिकन सैन्याशी संबंधित १५१ लोकांवर ट्रायल झाली तेव्हा ती नेहमीच्या चांगल्या समुपदेशनापेक्षा वरचढ ठरली नाही, पण सगळ्याच गटांना बरं वाटलं. तेव्हा महागड्या यंत्राचं पॅकेज घ्यायच्या आधी नीट समजावून सांगणारा ऑडिओलॉजिस्ट शोधा.

११. रात्री दिवा बंद केला की आवाज डोक्यात बसतो. झोपू कशी?

खोली पूर्ण शांत ठेवू नका. पंखा, पावसाचा आवाज, काहीही चालेल, पण टिनिटस बुडेल इतका मोठा नको, दोन्ही एकत्र ऐकू येतील एवढाच. आमच्याकडे एक जुना टेबलफॅन आहे, जाळीचा एक स्क्रू सैल आहे म्हणून तो किंचित खरखरतो, नवरा तीनदा पाना घेऊन आला आणि मी तीनदा हाकलला. मोबाईलवर लावत असाल तर स्क्रीन पालथी ठेवा. झोप येत नसेल तर वीस मिनिटं तळमळत पडण्यापेक्षा उठून दुसऱ्या खोलीत बसा.

१२. चहा, कॉफी, मीठ बंद करू का?

चहासाठी स्वतःचा छळ करू नका. २०१० मध्ये कॅफिन बंद करून बघितलेली एक ट्रायल आहे, टिनिटसमध्ये फरक पडला नाही, कॅफिन सोडल्यामुळे डोकेदुखी मात्र झाली. मेनिएर असेल, म्हणजे चक्कर, दडा आणि ऐकू येणं कमीजास्त होणं असं एकत्र, तर मीठ कमी करायला सांगतात.

१३. कानात तेल घालू का? भ्रामरी करू का?

कर्णनाद हा सुश्रुतानं सांगितलेल्या कानाच्या २८ रोगांपैकी एक, म्हणजे तक्रार जुनीच आहे. पण पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन इन्फेक्शन होतं, आणि भोक आहे की नाही ते बाहेरून कळत नाही, तेव्हा कान दाखवल्याशिवाय थेंबही नको. भ्रामरीनं मला शांत वाटतं, गुणगुण चालू असते तोवर शिट्टी झाकली जाते, आणि श्वास संथ होतो. यापेक्षा जास्त दावा मी करणार नाही. 'सात दिवसांत कर्णनाद गायब' वाल्यांपासून लांब राहा.

१४. जबडा आवळला किंवा मान वळवली की माझा आवाज बदलतो. कसं शक्य आहे?

खूप जणांचा बदलतो. जबड्याच्या आणि मानेच्या नसा मेंदूच्या खालच्या भागात ऐकण्याच्या केंद्राला येऊन मिळतात. रात्री दात खात असाल किंवा जबड्याचा सांधा दुखत असेल तर डेंटिस्ट आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा, अशा लोकांना खरंच उतार पडू शकतो. आणि दिवसातून दहादा जबडा आवळून 'अजून बदलतोय का' बघू नका, मी बघायचे.

१५. जिभेवर करंट देणारं नवीन मशीन आलंय म्हणतात, मागवू का?

त्याचं नाव लेनिर, आयर्लंडच्या कंपनीचं आहे. कानात आवाज आणि त्याच वेळी जिभेवर हलके झटके. २०२० मध्ये ३२६ लोकांवरचा अभ्यास आला, बऱ्याच जणांना बरं वाटलं, पण त्यात खोट्या मशीनचा गट नव्हता, त्यामुळे किती मशीनचं आणि किती आशेचं हे वेगळं करता येत नाही. मार्च २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि उपकरणं तपासणारं सरकारी खातं) परवानगी दिली. मिशिगनला सुझन शोर यांची टीम १४ नंबरवाल्या लोकांसाठीच, म्हणजे मानेनं-जबड्यानं आवाज बदलतो त्यांच्यासाठी, वेगळं यंत्र करतेय, २०२३ मध्ये ९९ जणांची ट्रायल छापली आणि त्यात नुसत्या आवाजाच्या गटापेक्षा फायदा दिसला. माझं मत विचाराल तर कर्ज काढून काही मागवू नका.

१६. आवाजाच्या भीतीनं दिवसभर कापसाचे बोळे घालून बसते. चालेल ना?

उलटं होईल. २ नंबरमधला सात दिवसांचा प्रयोग आठवा. घरात, ऑफिसात, भांड्यांच्या आवाजाला प्लग घालायला लागलात की कान आणखी हळवा होतो. मोठ्या आवाजालाच संरक्षण, आणि तिथे कापूस काही कामाचा नाही.

१७. टिनिटसवर अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळतं का?

नुसत्या आवाजावर नाही. २०१६ च्या कायद्यात ऐकू येणं किती गेलंय तेच मोजतात, दोन्ही कानांत ६० डेसिबलच्या पुढे तोटा लागतो. कारखान्यात काम करणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवा, आवाजानं आलेलं बहिरेपण कायद्यातल्या, कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत आहे, म्हणून नोकरीला लागतानाची आणि दरवर्षीची ऑडिओमेट्री जपून ठेवा.

१८. ताई, मी परत ताशा वाजवू शकतो का?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न. अचानक ऐकू जाणं, एका कानाचा आवाज वगैरे ४ मधलं काही असेल तर आधी तपासणी. ते नसेल तर वाजव, पण उघड्या कानानं नाही. डब्ल्यूएचओच्या हिशोबानं ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो आणि १०० डेसिबलला आठवड्याची जेमतेम २० मिनिटं उरतात. नदीपात्रातला एक सराव दोन अडीच तासांचा असतो, तू हिशोब कर. ढोलापेक्षा ताशाचा आणि टोलाचा (ती वाजवायची धातूची थाळी) आवाज चिरका, म्हणून पुढच्या रांगेतल्यांनी जास्त जपायचं, आणि लहान मुलांना टोलाच्या शेजारी उभं करायचं नाही.

फोमचा प्लग घेतलास तर नुसता कानात खुपसू नकोस, बोटांत वळून काडीसारखा बारीक कर, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कान वर आणि मागे ओढ, आत सार आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेव. बाहेर निम्मा लोंबत असेल तर तो बसलेला नाही. हात चुकतो, बाकीच्यांचा ताल कळत नाही अशी तक्रार असते, त्याला वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग मिळतात, आवाज सगळ्या पट्ट्यांत सारखा कमी होतो. ते सरावाच्या पहिल्या दिवसापासून लाव, मिरवणुकीच्या दिवशी पहिल्यांदा लावलेस तर काढून फेकशील. आणि सरावानंतर घरी गेल्यावर आईचं बोलणं कापसातून आल्यासारखं वाटलं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी घे, पथकप्रमुखाला माझं नाव सांग.